चौदा हार, अकरा कडी

होळी झाली. पाडवाही झाला.
पोराच्या पहिल्या सणाला आलेले
साखरेचे चौदा हार, अकरा कडी
धरणगावच्या आमच्या स्वयंपाकघरात
खुंटीला तसेच.

पोराला दात नाहीत.
सासऱ्यांना शुगर.
ह्यांना गोड चालत नाही, म्हणजे चालतं,
पण ऑफिसात.

मुंग्यांनी मात्र दुसऱ्याच दिवशी पत्ता काढला.
खिडकीतून, गॅसच्या नळीवरून, थेट खुंटीवर.
एवढी शिस्त मी रेशनच्या रांगेतही पाहिली नाही.

"फेकू नको वं माय," शेजारच्या सुपडाबाई म्हणाल्या,
"देवनी साखर शे. जिरव कशीबी."

मग जिरवायला घेतली.
पहिला गुलाबी हार चहात.
चहा काही गुलाबी झाला नाही,
थोडा संशयास्पद झाला.
पुढचे तीन खलबत्त्यात, त्यांची पिठी सांजोऱ्यांत.
एक कडं शेवभाजीत टाकलं,
चुकून नव्हे, हात तिखटाला सैल सुटला म्हणून.
ह्यांनी दोनदा रस्सा मागून घेतला.
मी अजून बोललेले नाही.
टँकर आला त्या दुपारी
पाइप धरणाऱ्या पोरांना तांब्याभर पन्हं.
तव्यावर दोन हार वितळवून शेंगदाणे घातले,
चिक्की तव्यालाच बसली,
तवा सुपडाबाईंकडे गेला, चिक्कीसकट,
आणि चार दिवसांनी नुसता तवा आला.
एक हार निंबाखाली ठेवला मुंग्यांसाठी:
एवढा घ्या आणि घर सोडा.
त्यांनी तो घेतला. घर सोडलं नाही.

दोरेही टाकले नाहीत.
गरम पाण्यात धुतले, वाळवले,
त्यांत भरल्या मिरच्या ओवून गच्चीवर टांगल्या.

उरला एक.
तो खुंटीवर कधी नव्हताच.
गव्हाच्या कोठीमागे होता, बुटांच्या खोक्यात.

निंबादादानं सुरतहून पाठवलेला.
मामानं यायचं असतं, आपल्या हातानं
भाच्याच्या गळ्यात घालायचा असतो.
त्याला लूमवरून सुट्टी नाही मिळाली.
युनूसभाईंच्या ट्रॅव्हल्समध्ये
ड्रायव्हरच्या सीटमागे बसून हार एकटाच निघाला
आणि कोंडाईबारीच्या घाटात कुठंतरी फुटला.
खोकं उघडलं तर खाली चुरा, वर दोरा.
झाकणावर दादाच्या अक्षरात: सांभाळून.

मी काय केलं?
दोरा तेवढा पोराच्या गळ्यापाशी धरला,
मूठभर तुकडे छातीवर मांडले,
फोटो लांबून काढला.
पोरगं हसतंय त्यात.
दादाला लिहिलं, छान दिसतोय.

चुरा चहात घालवेना.
सांजोरीत घालवेना.
रोज झाकण उघडायचं, पुन्हा लावायचं,
मुंग्यांनाही मी ती कोठीमागची वाट
कळू दिली नाही.

मग कैऱ्या आल्या.
चार किसल्या, खोकं पातेल्यात उपडं केलं,
तळाचा भुगासुद्धा ब्रशनं झाडून.
मंद आच.
वेलची नाही, एकच लवंग,
आई घालायची तशी.
पाक चढला तेव्हा रंग असा आला
की पिवळाही म्हणवेना, गुलाबीही.

बरणीला फडकं बांधलं,
बांधायला तोच दोरा.
बरणी त्याच खोक्यात.
झाकणावर वेगळं काही लिहिलं नाही,
लिहिलेलं होतंच.

आखाजीच्या आदल्या रात्री फोन आला.
मागं लूमचा खडखडाट.
न्यायला येतो, असं तो म्हणाला नाही.
येतोस का, असं मी विचारलं नाही.

"मुरांबा भलता गोड व्हयना वं, ताई."
"साखर तुन्हीच शे."

बराच वेळ नुसती लूम बोलत राहिली.
मग तो म्हणाला, "दात उना का त्याले?"

"खालना एक," मी म्हटलं.
"तांदूयना दाना एवढा."